एकशे चौदा बाइटची यादी

पीककर्जाच्या दिवसांत मानोरा तालुक्यातला शेतकरी सातबारा पाहायला मोबाईलवर महाभूलेख हे जमिनीच्या नोंदींचं सरकारी संकेतस्थळ उघडतो. आधी अमरावती विभाग, मग वाशिम जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी गट क्रमांक. दर टप्प्यावर आधीच्या उत्तराप्रमाणे पुढची यादी बदलते. संवादी संकेतस्थळ म्हणतात ते हेच, आणि ते कोणत्या फ्रेमवर्कवर बांधायचं हा प्रश्नही इथेच येतो.

फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडा. याद्या, बटणं, फॉर्म तपासणं ही रोजची कामं त्यात आधीच करून ठेवलेली असतात. महाभूलेखच्या पत्त्याच्या शेवटी वर्षानुवर्षं ‘एएसपीएक्स’ ही अक्षरं दिसत आली. ती मायक्रोसॉफ्टच्या २००२ सालच्या एएसपी डॉट नेटची खूण. त्याच्या वेब फॉर्म्स पद्धतीत मूळ रीत अशी, की यादीतून एक नाव निवडलं की अख्खं पान सर्व्हरकडे जातं आणि नव्यानं तयार होऊन परत येतं. पानाची आधीची स्थितीही एका लपवलेल्या गाठोड्यात बांधून दरवेळी सोबत न्यावी लागते. कचेरीतल्या संगणकांच्या काळात हा निर्णय शहाणपणाचाच होता. शेतात रेंज शोधत फिरणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक फेरी जाणवते.

२००५ मध्ये गुगल मॅप्स आलं आणि पान न हलवता हवा तेवढाच तुकडा मागवता येतो, हे जगानं पाहिलं. २०१३ मध्ये फेसबुकनं रिअ‍ॅक्ट हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. ते पानाचा आराखडा फोनच्या स्मृतीत ठेवतं, नवा आराखडा जुन्याशी ताडून पाहतं आणि फरक असेल तेवढीच जागा बदलतं. रिच हॅरिस यांच्या स्वेल्ट या फ्रेमवर्कनं २०१६ मध्ये यातलं बरंचसं काम आधीच, प्रोग्रामरच्या संगणकावर उरकून टाकलं. फोनवर त्यामुळे कमी ओझं येतं.

हे ओझं मोजून बघण्यासारखं आहे. वाशिम जिल्ह्याच्या तालुक्यांची यादीच घ्या: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेतं. म्हणजे मंगरूळपीर २७ बाइटचं, आणि सहाही तालुके मिळून ११४ बाइट. रिअ‍ॅक्ट आणि त्याचा ब्राउझरचा जोडभाग दाबून लहान केला तरी ४० किलोबाइटच्या वर जातो. त्याच धाटणीचं प्रिअ‍ॅक्ट जेमतेम ३ किलोबाइटचं आहे.

खरा भार पुढे चढतो. तारखेची चौकट, आलेख, खूणचित्रं असं एकेक जोडत संकेतस्थळ सहज एक मेगाबाइटवर जातं. सेकंदाला एक मेगाबिट वेग मिळाला तरी ते उतरायला ८ सेकंद लागतात, आणि उतरलेला कोड समजून घेताना स्वस्त फोनचा प्रोसेसर आणखी अडखळतो. सहा नावांच्या यादीसाठी हा खर्च करू नये.

जड कोड शोभतो अशीही कामं आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी सोयाबीन-तुरीचा फोटो बांधावरून घेतो, त्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. कॅमेरा आणि जीपीएस हाताळायचे तर वजन वाढणारच. ते अ‍ॅपचं काम. सातबारा हा वाचायचा कागद आहे.

फ्रेमवर्कच्या आयुष्याचाही हिशेब हवा. गुगलचं अँग्युलर जेएस २०१० मध्ये आलं. २०१६ मध्ये त्याचा नवा अवतार इतका वेगळा निघाला की जुना कोड त्यावर तसाच चालेना, आणि २०२१ च्या अखेरीस मूळ आवृत्तीचा आधारही थांबला. जमिनीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिच्या संकेतस्थळाला अकरा वर्षांचा सांगाडा पुरत नाही.

म्हणून अशा कामाला साधा एचटीएमएल फॉर्म पाया म्हणून घ्यावा आणि जावास्क्रिप्ट वरून चढवावी. स्वेल्टकिट, रिमिक्स यांसारखी फ्रेमवर्क हे करू देतात. कोड अर्ध्या वाटेत अडकला तरी पानावर सहा तालुक्यांची यादी आणि तिच्याखाली ‘पुढे’ हे बटण असतं. ते दाबलं की पान एकदा नव्यानं येतं, आणि त्यात गावांची नावं असतात.