साल राखलेल्या लाकडी मालाला पॉलिश कोणते?

रायगडच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत १९९६ साली रोपवे सुरू झाला आणि वाडीतील वर्दळ वाढली. गड पाहून परतणारा माणूस घरी नेण्यासाठी एखादी वस्तू शोधतो. लेथवर कातलेले, काठाला झाडाची साल तशीच राखलेले वाडगे व फुलदाण्या हा अशा ठिकाणी खपण्याजोगा माल आहे, असे आम्हाला वाटते. यात एक नग दुसऱ्यासारखा नसतो. मात्र पॉलिश चुकले, तर पहिल्याच पावसाळ्यात साल सुटते आणि गिऱ्हाईकही तुटते.

कोकणात कातकाम म्हटले की सावंतवाडीचे लाखकाम आठवते. फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. कर्नाटकातील चन्नपटणची खेळणीही याच रीतीने रंगतात. अखंड गोल वस्तूला ही रीत उत्तम. परंतु सालीचा काठ वरखाली असतो. तो कांडीला ठोकर देतो, साल उडते आणि फडके अडकल्यास बोटांवर बेतते. म्हणून असा काठ लेथ थांबवून हातानेच पॉलिश करावा.

आता पर्याय पाहू. मेलामाईनचा जाड थर लाकडावर शोभतो, पण खरखरीत सालीवर प्लॅस्टिकसारखा चकाकतो. हवेतील ओलाव्याने साल फुगते-आकसते आणि थराला तडे जातात. नुसते मेण सालीच्या भेगांत पांढरे होऊन बसते. शोभेच्या वस्तूला चपडा लाखेचे पातळ पॉलिश चांगले. एक लिटर स्पिरिटला सुमारे १०० ग्रॅम चपडा घ्यावा आणि ब्रशने दोन-तीन हलके हात द्यावेत. मात्र गरम भांडे किंवा साचलेले पाणी त्याला सोसत नाही. पांढरे डाग पडतात.

सुका मेवा, फळे ठेवण्याच्या वाडग्याला जवसाचे शुद्ध तेल लावावे. ते सालीत मुरते, रंग थोडा गडद करते आणि थर न करता वाळते. घाई करू नये. कच्चे तेल पूर्ण वाळायला अनेक दिवस, कधी आठवडेही लागतात. बाजारात मिळणाऱ्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात लवकर वाळण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या भांड्यासाठी ते टाळावे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वाळत नाही. चिकटपणा राहतो व खवट वास येतो.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

पॉलिशने सर्व काही सावरत नाही. झाडात रस चढलेला असताना तोडलेल्या लाकडाची साल सहज सुटते. झाड विसाव्यात असताना तोडलेल्याची टिकते. सालीखालचे कोवळे लाकूड किडीला आवडते, म्हणून लाकूड नीट वाळवून, भोके तपासूनच कातावे. साल सैल वाटल्यास सांध्यात पातळ झटपट गोंद सोडावा. त्याआधी आजूबाजूला लाखेचा एक हात दिला, तर गोंदाचा डाग लाकडात उतरत नाही.

विकताना वस्तू शोभेची की वापरायची, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे आणि पाण्यात भिजत ठेवू नये, अशी चिठ्ठी सोबत द्यावी. एवढ्याने माल परत येण्याचे निम्मे कारण उरत नाही.