दहावी की अकरावी?

‘‘अगं, यात विंडोज कुठलं आहे?’’ सांगलीहून बाबांचा फोन. प्रिंटर जोडायला आलेल्या मुलानं विचारलं होतं. ‘‘इलेव्हन!’’ मी बिनधास्त ठोकून दिलं. मागच्याच महिन्यात हा सेकंडहँड लॅपटॉप मीच घेऊन दिला होता. ‘मॅडम, एकदम लेटेस्ट,’ असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता. वॉलपेपर नवा, आयकॉन्स मधोमध. आणखी काय पुरावा हवा?

दहा मिनिटांत पुन्हा फोन. ‘‘तो म्हणतोय, हे टेन आहे.’’

मग फोनवरच आमचा कॉम्प्युटर क्लास सुरू झाला. ‘‘बाबा, विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात टाइप करा, डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. आता एंटर.’’ बाबा चष्मा शोधून वाचायला लागले, ‘‘विंडोज १०... व्हर्जन २२एच२... बिल्ड १९०४५...’’ झालं! मेकअप अकरावीचा, मार्कशीट दहावीची!

तुम्ही म्हणाल, चालतंय ना, मग कशाला टेन्शन? मलाही आधी तसंच वाटलं. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाही, फक्त सुरक्षेची मोफत ठिगळं मिळणं थांबलं. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर झाली, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. बाबांनी कुठून नोंदवलं असणार? आणि याच लॅपटॉपवर त्यांचं पेन्शन, एफडी, नेटबँकिंग सगळं!

ठिगळ नसलं की काय होतं, हे मे २०१७ मध्ये जगानं पाहिलंय. ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसनं ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर लॉक केले, पेशंटच्या अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या. त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते अडकले.

तेव्हा आता तुमची मार्कशीट काढा. वर सांगितलेली युक्ती करा, नाहीतर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या रस्त्यानं जा. तिथे तीन गोष्टी बघा. पहिली, नाव: १० की ११. दुसरी, व्हर्जन: २२एच२ म्हणजे २०२२ चा दुसरा सहामाही अवतार. इथे एक गंमत आहे. २२एच२ हे व्हर्जन १० मध्येही आहे आणि ११ मध्येही! म्हणून तिसरी गोष्ट, बिल्ड नंबर. घरच्या-ऑफिसच्या पीसीवर तो २२००० किंवा त्याच्या पुढे असेल तर अकरा, १९ हजारांत असेल तर दहा. मॅकवाल्यांचं काम सोपं. कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा, ‘अबाउट धिस मॅक’ निवडा. तिथे १५ नंतर एकदम २६ दिसलं तर दचकू नका, २०२५ मध्ये ॲपलनं नंबरच तसा उडी मारून दिला.

शनिवारी मी सांगली गाठली. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या फुकट प्रोग्रॅमनं लॅपटॉप तपासला. प्रोसेसर पास, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही पास. लायसन्सही अस्सल निघालं. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप खरोखरच अकरावीत गेला, एक रुपयाही न भरता. दुकानदाराला फोन करायचा राग तेवढ्यात चहाबरोबर गिळला.

मी विजयी मुद्रेनं बसलेली असताना बाबांनी शांतपणे विचारलं, ‘‘आणि तुझ्यात कुठलं आहे गं?’’

‘‘अकरा. नवीनच घेतला होता ना!’’ म्हणत मी माझा लॅपटॉप उघडला आणि तीच सहा अक्षरं टाइप केली. विंडोज ११, अगदी बरोबर. व्हर्जन मात्र २२एच२. घरगुती आवृत्तीसाठी त्याचा सपोर्ट ८ ऑक्टोबर २०२४ लाच संपलाय! डिस्क फोटोंनी गच्च भरलेली, त्यामुळे मोठं अपडेट कधीचं अडकून पडलेलं, आणि मी दर वेळी ती सूचना बंद करून पुढे जात होते.

बाबांनी फक्त चष्म्यावरून बघितलं. दहावीत असताना प्रगतिपुस्तकावर सही करताना बघायचे, अगदी तसंच.