छतावर सोलर, तरी वीज गेली की अंधार का?

बारामती, इंदापूर : छतावर सोलर बसवले म्हणजे वीज जाण्याची कटकट संपली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात भर दुपारी लाइट गेली, की पॅनेलवर ऊन असूनही पंखा थांबतो. हा बिघाड नव्हे. महावितरणची लाइन बंद होताच ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. नाहीतर छतावरची वीज उलट तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर' योजना अशाच ग्रीडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. अनुदान एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार रुपये. पाच किलोवॉट बसवले तरी ७८ हजारच! तेही यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात जमा होते.

बिल मात्र खरोखर उतरते. तीन किलोवॉटमधून महिन्याला साधारण ३०० ते ३६० युनिट मिळतात. जास्तीचे युनिट नेट मीटरमुळे बिलातून वजा होतात. स्थिर आकार तेवढा भरावा लागतो.

इंदापूरकडच्या मळ्यातल्या वस्तीवर वीज सारखी जात असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा दर एजन्सीला आधीच विचारावा. बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही.