नदी एक, नगरपालिका अनेक

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी गावे मागे टाकीत कल्याणला येते, तेथे खाडीचे रूप घेते आणि ठाण्याला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. या वाटेवर तिच्या किंवा तिच्या खाडीच्या काठी कर्जत व बदलापूर या नगरपरिषदा आणि उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर व वसई-विरार या महानगरपालिका आहेत. मधल्या ग्रामपंचायती निराळ्याच. प्रत्येकीचा विकास आराखडा स्वतःच्या हद्दीपाशी संपतो. नदी मात्र तेथे संपत नाही.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली व सुमारे हजार प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्याच दिवशी बदलापुरातील नदीकाठच्या वसाहतींत पाणी शिरले होते. त्यांची आठवण गाडीइतकी कोणी ठेवली नाही. वस्तुतः नदीने अतिक्रमण केले असे म्हणण्यास फारशी जागा नाही. मुंबईत ज्यांना घर परवडत नाही त्यांनी बदलापूर गाठले आणि पूर्वी पावसाळ्यात नदीच्या पाण्याला पसरण्यास मोकळी असलेली शेते इमारतींखाली गेली.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा पाटबंधारे खाते आखते. ती रेषा थोडी अलीकडे यावी यासाठी काठावरच्या गावांत खटपट चालते, हे उघड गुपित आहे. एका गावाने रेषा सरकवली, भिंत बांधली, भराव घातला, तरी पाणी नाहीसे होत नाही. ते खालच्या गावाला जाते. त्यात कल्याणपर्यंत भरती चढते. डोंगरातला लोंढा आणि समुद्राचे उधाण एकाच वेळी आले की पाणी तुंबून राहते. अशा वेळी एका महानगरपालिकेने कितीही काटेकोर नालेसफाई केली तरी तिचा उपयोग मर्यादितच.

वालधुनी नदीचे उदाहरण अधिक बोलके आहे. शके ९८२ मध्ये उभारलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही छोटी नदी उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हासला मिळते. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातच होते. १९९२ मध्ये ती गावे वेगळी झाली. स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची त्यांची इच्छा गैर नव्हती. पण त्या वाटणीत नदीचा विचार कोणी केला नाही. पुढे प्रदूषणाचे प्रकरण ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे नेले आणि २०१५ मध्ये लवादाने कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबरोबर स्थानिक संस्थांनाही जबाबदार धरले. जे शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे, ते न्यायासनाला ठरवावे लागले.

या संस्थांना एकत्र येणे जमत नाही, असेही नाही. ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांनी मिळून ‘स्टेम’ ही कंपनी चालविली आहे. ती याच उल्हास नदीचे पाणी उचलून वाटते. पाणी घेण्यासाठी सहकार्य आणि पाणी सोडण्यासाठी सवतासुभा, असा हा चमत्कारिक न्याय आहे! ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीकडे सोपविलेल्या विषयांत पाण्याच्या व नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अडचण कायद्याची नाही.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्किटो नावाच्या ओढ्याला १९९८ च्या फेब्रुवारीत पूर आला. त्यानंतर काठावरची तीन शहरे आणि दोन परगण्यांच्या पूरनियंत्रण संस्था यांनी १९९९ मध्ये संयुक्त प्राधिकरण स्थापिले. काम त्यांनी मुखाकडून वर न्यायचे ठरविले. कारण वरचा प्रवाह आधी मोकळा केला तर खालचे गाव बुडते. मुखाशी पात्र रुंद केले, दलदलीला पुन्हा जागा दिली. वीस वर्षे लागली, आणि वरचे पूल रखडल्याने २०२२ च्या अखेरीस तेथे पुन्हा पाणी शिरलेच. हे गौरवगीत नव्हे. परंतु कामाचा क्रम तेथे एका गावाने नव्हे, साऱ्यांनी मिळून ठरविला.

उल्हासच्या मुखाशी तशी जागा अजून आहे. वसई आणि भाईंदरच्या बाजूची खाजणे, मिठागरे व तिवरांचे पट्टे भरतीचे पाणी सामावून घेतात. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने तिवरांच्या तोडीला बंदी झाली. पण झाडाला हात न लावताही खाजण मारता येते: राडारोडा टाकून भरतीच्या पाण्याची वाट बुजवली की तिवरे आपोआप वाळतात. तेव्हा संरक्षण झाडांचे नव्हे, पाण्याच्या वाटांचे हवे. बुजलेल्या वाटा उकरून मोकळ्या करणे हे पूरनिवारणाचेच काम समजले पाहिजे. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकलगाड्या थांबल्या होत्या, एवढे स्मरण त्यासाठी पुरेसे आहे.

खरा प्रश्न पैशाचा आणि जमिनीचा आहे. बदलापूरने नदीकाठ मोकळा ठेवावा, असे कल्याणने नुसते सांगणे फुकाचे. ती जमीन बांधली गेली नाही तर बदलापूरचे उत्पन्न बुडते आणि शेतकऱ्याचा भाव जातो. वाचतात ती कल्याणची घरे. मग त्या मोकळ्या जमिनीच्या मोबदल्यात कल्याण, ठाणे आणि भिवंडी यांनी वाटा उचलला पाहिजे, आणि वसईकडील खाजण राखण्याच्या खर्चात वरच्या गावांनी. असा वाटा किती, हे ठरवायला आठ संस्थांचे पूररेषेचे नकाशे प्रथम एका टेबलावर, एकाच प्रमाणात मांडावे लागतील. दर मे महिन्यात नालेसफाईच्या बैठका होतात, त्या निरनिराळ्या आठ सभागृहांत. त्यांतली निदान एक बैठक एकत्र घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची किंवा अनुदानाची गरज नाही.