पट्टी खराब नव्हती

आपाच्या मुलीचा निकाह धुळ्याला ठरला होता. दोन दिवस आधी रात्री जळगावला माझा फोन वाजला. आपाचा धाकटा मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "खाला, लाइटिंग बिघडली. अब्बू म्हणतात, पैसे पाण्यात गेले."

पोरगा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत काम करून जमवलेल्या पैशांतून त्याने दारावर लावायला रंग बदलणारी पाच मीटरची पिक्सेल पट्टी आणली होती. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता, "पट्टी खराब आहे, दुसरी घ्या." मी शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी पर्समध्ये मल्टिमीटर टाकला आणि धुळ्याची एसटी धरली.

ही पट्टी साध्या माळेसारखी नसते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी प्रकारात प्रत्येक दिव्याच्या आत एक चिमुकली चिप असते. पट्टीला तीन तारा लागतात: ५ व्होल्टचा प्लस, मायनस आणि डेटा. कंट्रोलर सगळ्या दिव्यांचे हुकूम एका रांगेत पाठवतो. पहिला दिवा आपला हुकूम ठेवून घेतो आणि बाकीचे पुढे ढकलतो. त्यामुळे बिघाड दोन जागी शोधायचा: वीज पुरते आहे का, आणि हुकूम पोहोचतो आहे का.

भाच्याच्या पट्टीवर पांढरा रंग लावला, तर सुरुवात पांढरी, मध्य पिवळसर आणि टोक लालसर दिसत होते. ही वीज कमी पडल्याची खूण आहे. निळ्या आणि हिरव्या दिव्याला लाल दिव्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून व्होल्टेज घसरले की लाल तेवढा तग धरतो. मीटर लावला. सुरुवातीला ४.९ व्होल्ट, टोकाला ३.६.

मग दोघांनी हिशोब मांडला. एका दिव्याला पूर्ण पांढऱ्या उजेडात सुमारे ६० मिलीअँपिअर लागतात. मीटरला ६० दिवे, म्हणजे पाच मीटरला ३००. एकूण १८ अँपिअर! त्याचा एसएमपीएस होता १० अँपिअरचा. आम्ही त्याच एसएमपीएसवरून जाड तारेची दुसरी जोडी नेऊन टोकालाही वीज दिली आणि ब्राइटनेस ४० टक्क्यांवर आणला. आता मागणी ७ अँपिअरच्या आसपास राहिली. एसएमपीएस पूर्ण क्षमतेने चालवू नये, ८० टक्क्यांवर थांबावे. आपल्या खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात तर आणखी कमी, आणि त्याला हवा लागेल अशी जागा द्यावी.

रंग सुधारला, पण दिवे मधूनच वेडेवाकडे लुकलुकत होते. हा हुकुमाचा घोटाळा. पाहिले, तर कंट्रोलरला वीज मोबाइलच्या चार्जरवरून दिली होती आणि त्याचा मायनस पट्टीच्या मायनसला जोडलाच नव्हता. डेटाचा व्होल्टेज मायनसच्या तुलनेत मोजला जातो. दोघांचा मायनस एक नसेल, तर चिपला हुकूम कळणार कसा? एक तार जोडली आणि बरेचसे लुकलुकणे थांबले.

उरलेल्याचे कारण वेगळे होते. त्याचा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा डेटा देतो, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या पट्टीला निदान ३.५ व्होल्ट हवे असतात. त्यात डेटाची तार तीन मीटर लांब. आम्ही कंट्रोलर पट्टीजवळ आणून तार वीतभर केली आणि पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर लावला. दिवे शांत झाले. पक्का इलाज म्हणून नंतर त्याने डेटा ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप बसवली.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पट्टी अजिबात पेटत नसेल, तर तिच्यावरचा बाण पाहा. बाण कंट्रोलरपासून पुढे जाणारा हवा, उलट्या टोकाने डेटा आत जात नाही. एखाद्या ठिकाणापासून पुढचे सगळे दिवे बंद असतील, तर सगळे खराब झालेले नसतात. पेटणारा शेवटचा किंवा न पेटणारा पहिला, या दोघांपैकी एक दोषी असतो. तेवढा कापून नवा सोल्डर केला की काम होते.

आणि सगळ्यात आधी जीव. ५ व्होल्टचा झटका बसत नाही, पण एसएमपीएसच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट असतात. प्लग काढल्याशिवाय तारांना हात लावू नका, अर्थिंगची तार सोडू नका, प्लसच्या तारेत फ्यूज टाका. ५ व्होल्टवर शॉर्ट झाले तरी तार तापून मंडपाचे कापड पेटू शकते. गेली काही वर्षे ईद-ए-मिलाद पावसाळ्यात येते, तेव्हा एसएमपीएस आणि जोड पावसापासून झाकलेच पाहिजेत.

त्या दिवशी नवीन खर्च झाला तो थोडी तार आणि एका रेझिस्टरचा. चांगली पट्टी कचऱ्यात टाकून दुसरी आणली असती, तर तो इसराफ झाला असता, आणि जुन्याच जोडणीवर दुसरीही तशीच लालसर दिसली असती. घरात मुलाने काही जोडले आणि ते चालले नाही, तर "पैसे वाया घातलेस" म्हणण्याआधी त्याच्या हातात एक मल्टिमीटर द्या. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो.

निकाहच्या संध्याकाळी दार उजळले होते. भाईजान पाहुण्यांना स्वतःहून सांगत होते, "आमच्या पोराने केलंय."