हीटरचा चटका माशालाही बसतो
नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री फिशटँकचं पाणी गारठतं आणि २४ ते २८ अंशांत रमणारा बेटा किंवा सकरमाउथ मासा उबेसाठी थेट हीटरला बिलगतो. सकाळी अंगावर पांढरट चट्टा दिसतो, मग त्यावर बुरशी धरते. बघवत नाही ते. हीटरवर जाळीदार प्लास्टिकचं गार्ड चढवाच. हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ लावला, तर ऊब टाकीभर पसरते. पाणी बदलण्याआधी प्लग काढून १५ मिनिटं थांबा. पाण्याबाहेर आलेली हीटरची तापती काच तडकते. चटका बसलाच, तर पाणी स्वच्छ ठेवणं हा पहिला उपचार. एप्रिल-मेमध्ये मात्र हीटर काढूनच ठेवा.