वाडीचा वाद कोणाच्या दारी न्यावा?

वडिलांचा दफनविधी होतो, महिन्याचे मिस्साबलिदान होते आणि त्यानंतर एखाद्या संध्याकाळी घरात सात-बाराचा उतारा बाहेर निघतो. वसईच्या गावांमध्ये केळीच्या वाडीवरून, विहिरीवरून अथवा बांधावरून सुरू झालेले बहुतेक तंटे अशा एखाद्या संध्याकाळी जन्माला आलेले असतात. त्यानंतर कोणी तलाठ्याकडे धावतो, कोणी पोलीस ठाण्यात तक्रार देतो, तर कोणी धर्मगुरूंना मध्यस्थी करण्याची विनंती करतो. ही सारी दारे चुकीची आहेत असे नव्हे. परंतु प्रत्येक दाराचा अधिकार वेगळा आहे आणि प्रत्येकाची मुदतही वेगळी आहे. चुकीच्या दारी वर्ष घालविल्यावर योग्य दार बंद झालेले असते, असे अनेकदा घडते.

प्रथम सात-बाराविषयी. उताऱ्यावर नाव चढले म्हणजे जमीन आपली झाली आणि नाव नसले म्हणजे हक्क गेला, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. वस्तुतः फेरफाराची नोंद ही महसुलाच्या कामासाठी असते. तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी, अलीकडे 2021 सालीही, स्पष्ट केले आहे. मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरली जाते. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणेही परवडत नाही. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. फेरफाराची नोटीस मिळाल्यावर हरकत घेण्यास 15 दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली तर तिच्याविरुद्ध 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नोटीस टेबलाच्या खणात ठेवून देण्याची सवय पुढे फार महागात पडते.

आता मुख्य मुद्दा. मृत्युपत्र नसेल तर वाटा किती, हे उतारा ठरवीत नाही. ते वारसा कायदा ठरवितो. आपल्या घरांत बोलताना 'वडिलोपार्जित जमीन' आणि 'मुलांचा जन्मसिद्ध हक्क' हे शब्द सर्रास वापरले जातात. ते हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यातील आहेत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो आणि त्यात जन्माने हक्क ही कल्पनाच नाही. वडील हयात असेपर्यंत त्यांच्या नावची मिळकत त्यांची एकट्याची असते. मुलगा त्यांच्याकडे वाटणी मागू शकत नाही. त्यांच्या पश्चात पत्नीस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान मिळते. येथे मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, विवाहित आणि अविवाहित असाही नाही. समजा 30 गुंठे वाडी आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. आईला 10 गुंठे आणि चारही भावंडांना प्रत्येकी 5 गुंठे. मालाडला नांदणाऱ्या मुलीचे 5 गुंठे गावात राहणाऱ्या मुलाच्या 5 गुंठ्यांहून तसूभरही कमी नाहीत. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असा शेरा असला तरी या हिशेबात फरक पडत नाही.

(ज्यांची सोयरीक गोव्यात आहे त्यांनी हा हिशेब तेथे लावू नये. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा आहे. पती-पत्नीच्या समाईक मिळकतीचा अर्धा भाग आणि वारसांचा राखीव हिस्सा ही तेथील व्यवस्था अगदी निराळी आहे.)

बहिणींच्या बाबतीत थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. 'फक्त सही कर, नाव कमी करायचे आहे' असे म्हणून बहिणीपुढे कागद ठेवला जातो आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हक्कसोडपत्र हा स्थावर मिळकतीतील हक्क सोडणारा दस्त आहे. तो नोंदणीकृत असावा लागतो आणि एकदा नोंदविला की मागे घेणे अतिशय कठीण असते. राजीखुशीने हिस्सा सोडणे हा तिचा अधिकार आहे. परंतु आपण काय सोडतो आहोत हे न सांगता घेतलेली सही ही राजीखुशी नव्हे. उलट, जिने सही केलेली नाही तिचा हक्क केवळ वर्षे लोटली म्हणून संपत नाही, कारण एका सहमालकाचा ताबा हा सर्वांचा ताबा मानला जातो. मात्र 'तुझा यात काहीच हिस्सा नाही' असे तिला उघडपणे कळविले गेले असेल, तर त्या दिवसापासून 12 वर्षांची गणती सुरू होऊ शकते. तेव्हा वकिलाचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.

मृत्युपत्र केले असले तरी दोन गोष्टी पुष्कळांना ठाऊक नसतात. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे तो, किंवा त्याची पत्नी अथवा पती, साक्षीदार म्हणून सही करील तर त्याला दिलेली देणगी रद्द होते. तसेच मृत्युपत्र केल्यानंतर करणाऱ्याने विवाह केला तर ते मृत्युपत्रच रद्द होते. विधुर व्यक्तीने पुन्हा विवाह केला असता तिचे जुने मृत्युपत्र असे निकामी होते. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेण्याची सक्ती 2002 सालच्या दुरुस्तीने संपली. धर्मादाय कार्यास मिळकत देण्यावर कलम 118 अन्वये असलेली जाचक अटही सर्वोच्च न्यायालयाने फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर 2003 साली घटनाबाह्य ठरविली.

वाटे ठरल्यावर जमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोणी करावी? सर्वांची संमती असेल तर तहसीलदार करतात. एकानेही मालकीचा प्रश्न उपस्थित केला तर तहसीलदारांना थांबावे लागते आणि दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. पोलीस मारहाण झाल्यास गुन्हा नोंदवितात. हिस्सा कोणाचा हे ते ठरवीत नाहीत.

वाडीकडे जाणारी वाट कोणी अडविली किंवा विहिरीचे पाणी तोडले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 हा जुना पण उपयोगी कायदा आहे. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जावे लागते. ताब्यातून बेकायदेशीरपणे काढले गेले असेल तर मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. त्याचा दावाही सहा महिन्यांतच दिवाणी न्यायालयात लावावा लागतो. बांधाचा वाद असेल तर भांडण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

जमिनीवर विकास आराखड्यात रस्ता, शाळा अथवा उद्यानाचे आरक्षण पडले असेल तर लोक हताश होतात. आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतीची मुदत दिलेली असते. तेव्हाच लेखी हरकत नोंदवावी. ती संधी हुकली तरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 अन्वये 10 वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकाला नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. बांधकाम व्यावसायिकाशी विकसन करारनामा करताना त्यासोबत येणारे कुलमुखत्यारपत्र स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावे; समोरच्याच्या वकिलाकडून नव्हे. केवळ कुलमुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, हे 2011 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पक्के झालेले आहे. हे जमीन घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

भावाभावांनी मिळून धंदा केला असेल तर भागीदारी संस्थेची नोंदणी करावी. नोंदणी नसलेल्या संस्थेस उधारी बुडविणाऱ्यावर करारापोटी दावा लावता येत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्यांनाही हा लाभ आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. 15100 या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. धर्मगुरूंसमोर अथवा गावच्या जाणत्यांसमोर समेट झाला तर उत्तमच. परंतु तो तोंडी ठेवू नये. तो लेखी करून लोकन्यायालयापुढे न्यावा. तेथे शुल्क लागत नाही, आधी भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. अर्जासोबत सात-बारा, आठ-अ, जुने फेरफार, मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची, बहिणींसह, नावे असलेली यादी न्यावी.